काकूंच्या बंदुकीवरची दुर्बीण

माझं पोट वजन कमी करण्यावर चालतं. स्वतःचं नव्हे, ते काही केल्या कमी होत नाही, गाडीतल्या सीटचं. इंगोलश्टाटला गाड्यांचा मोठा कारखाना आहे, त्याला सीटचे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत मी इंजिनिअर आहे. सीटखालची एखादी पट्टी घ्यायची, एखादा स्क्रू घ्यायचा आणि विचारायचं, हा नसला तर काय बिघडेल? काही बिघडत नसेल तर काढून टाकायचा. बिघडत असेल तर बारीक करायचा. दिवसभर हेच. मग संध्याकाळी नवरा म्युनिकच्या ट्रेनमधून आंबून घरी येतो आणि मी त्याच्या बॅगेकडे बघून म्हणते, अरे, दोन दोन चार्जर कशाला वागवतोस? त्यावर तो जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नसतं.

आम्ही शहराबाहेरच्या एका गावात, एका वयस्कर जोडप्याच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. समोरासमोर मी त्यांना आडनावापुढे फ्राऊ आणि हेर लावूनच बोलते, पण आमच्या घरात ते खालचे काका आणि खालच्या काकू. काकू सत्तरी ओलांडलेल्या, ताठ, शब्द मोजून वापरणाऱ्या. आणि शिकारी. हो, शिकारी काकू, काका नव्हेत. हे माझ्या डोक्यात शिरायलाच किती दिवस गेले! संध्याकाळी दोघं हिरवे कोट घालून निघायचे, काकांच्या पाठीवर ही एवढी मोठी सॅक आणि काकूंच्या खांद्यावर बंदूक. मी खुशाल समजत होते की बायको बिचारी नवऱ्याची बंदूक सांभाळत चाललीय. नंतर कळलं की काकांकडे परवानाच नाही. यागडशाइन, म्हणजे शिकारीचा परवाना, काकूंचा, बंदूक काकूंची, बंदुकीच्या कपाटाची किल्लीसुद्धा काकूंच्याच खिशात. "मी हमाल," काका अभिमानानं सांगायचे.

आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यात एका डोंगराच्या उतारावर काकूंचं शिकारीचं रान आहे. गाडी खाली लावायची, उघड्या माळावरून चढत जायचं, मग झाडी लागते, आणि झाडीच्या कडेला लाकडी मचाण. त्यावर अंधार पडेपर्यंत बसायचं. हरणं येतात, कधी रानडुक्कर. लग्न झाल्यापासून दोघं असे जात होते. ती मारायची, हा वाहायचा.

मग काकांच्या फुफ्फुसांनी दगा दिला. चार पायऱ्या चढल्या की दम. डॉक्टरांनी डोंगर बंद केला. त्या वर्षीच्या वसंतात, एका शनिवारी, काकांनी जिन्याच्या तळाशी उभं राहून मला हाक मारली. वर येणं त्यांना जमत नव्हतं. मी खाली गेले तर बागेतल्या टेबलावर ती सॅक ठेवलेली आणि काका तिच्याकडे शत्रूकडे बघावं तसे बघत उभे.

"तर मग," ते म्हणाले, "तुम्ही वजन कमी करता ना? मग हिचं करा. आणि बंदुकीचं पण. सप्टेंबरात हे सगळं घेऊन तिला एकटीनं वर जाता आलं पाहिजे."

"आणि नाही आलं तर?"

"तर ती जाणं सोडून देईल. मग मी गेल्यावर काय करेल? घरात बसून भिंतीकडे बघेल. तिला एकटीनं जायची सवय आत्ता लागली पाहिजे, मी आहे तोवर."

बस किती वाजता सुटते ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मी घाईघाईनं म्हटलं, हो हो, करू की, त्यात काय.

त्यात काय! वर आले आणि डोक्यात गोंधळ सुरू झाला. आमच्या घरात अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात उकडतात. आणि मी एका बाईला हरीण मारायला सोपं जावं म्हणून मदत करायला निघाले होते. रविवारी आईचा फोन आला तेव्हा सांगून टाकलं.

"बंदुकीचं वजन?" आई म्हणाली. "अगं, तू तिकडे नक्की करतेस तरी काय?"

"म्हाताऱ्या माणसाला मदत करतेय गं."

"आणि त्या हरणाला?"

तिकडे आंबे आले का, असं विचारून मी विषय बदलला.  पण शब्द दिला होता, आणि काकांचा तो बसच्या वेळेसारखा आवाज काही कानातून जाईना.

पुण्याला जातायेताना बॅगा तोलायला आमच्याकडे हातात धरायचा एक काटा आहे, हुक असलेला. विमानतळावर चितळ्यांच्या पेढ्यांवरून तमाशा नको म्हणून घेतलेला. तो घेऊन मी खाली गेले. आधी सॅक अडकवली. काटा बघून मी दचकलेच. आम्ही दोघं मिळून हातातल्या सामानात जेवढं नेतो त्याहून जास्त. बंदूक काकूंनी स्वतः कपाटातून काढली, रिकामी आहे हे उघडून दाखवलं, स्वतःच काट्याला टांगली. "तुम्ही हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. मला लावायचाही नव्हता. मी नुसता आकडा वाचला.

मग सॅक रिकामी केली. आणि काय सांगू, मला इतका आनंद झाला! सगळं दोन दोन. दोन उशा, दोन घोंगड्या, दोन थर्मास, दोन कप, पावसात घालायच्या दोन टोप्या. आमच्या धंद्यातली पहिली पायरी हीच की जे दोनदा आहे ते एकदा करायचं. हे काम म्हणजे आयतं ताट वाढून ठेवलेलं. मी प्रत्येक जोडीतलं एक बाजूला काढत गेले, आणि दहा मिनिटांत सॅकचं वजन जवळजवळ निम्मं झालं. काका टाळ्या वाजवायचेच बाकी होते. काकू मात्र बाजूला काढलेल्या ढिगाकडे बघत उभ्या होत्या.  त्या कमीच बोलतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पुढच्या शनिवारी सॅक पुन्हा काट्याला लावली तर वजन वाढलेलं.

मला वाटलं काटा बिघडला. वर जाऊन तांदळाचं पाकीट तोलून आले. काटा ठीक होता. सॅक उघडली तर दुसरी उशी आत.

"थंडी असते वर," काकू म्हणाल्या.

जर्मन थंडीपुढे मी काय बोलणार? पण उशीनं कुणाची थंडी जाते? मी ती काढली, तिच्याऐवजी एक पातळ फोमची चटई सुचवली. पुढच्या खेपेला चटई होतीच, शिवाय उशी. त्याच्या पुढच्या खेपेला उशी नव्हती पण दुसरा थर्मास परत आला होता. मी एक गोष्ट काढायची, काकूंनी दुसरी घालायची. मी इतकी चिडले की वर येऊन नवऱ्यावर ओरडले, ज्याचा यात काही म्हणजे काही संबंध नव्हता.

"अरे, सत्तरीची बाई, एकटीनं डोंगर चढायचाय, आणि दोन थर्मास! कॉफीनं अंघोळ करणार आहे का ती?"

"विचार की तिलाच," नवरा म्हणाला.

हे तो नेहमी म्हणतो. जणू जर्मन माणसाला विचारलं की तो सांगतो.

काकांना विचारलं तर ते खांदे उडवायचे. "हट्टी आहे ती. तुम्ही बंदुकीकडे बघा. खरं वजन तिथंच आहे."

त्यांचं बरोबर होतं. काकूंच्या बंदुकीवर जुनी दुर्बीण होती, पोलादी नळीची, पुढे भली मोठी काच. बंदूक सडपातळ आणि वर ही अवजड वस्तू. खांद्याला लावली की सगळा भार वरच्या बाजूला, आणि चढताना ती कलंडून काकूंच्या मानेवर आदळायची. म्हटलं, ही बदलू. एवढं काय अवघड आहे?

झालं! डोक्याचा पार भुगा झाला. इंटरनेटवर जर्मन शिकाऱ्यांच्या गप्पांची पानंच्या पानं आहेत, आणि दोन माणसांचं एकमत नाही. एक म्हणतो, संधिप्रकाशात बसणाऱ्याला मोठी काच हवीच, लहान काच म्हणजे मूर्खपणा. दुसरा म्हणतो, मोठी काच म्हणजे म्हाताऱ्यांचं खूळ. तिसरा सांगतो, वजन दुर्बिणीत नाही, ती बंदुकीवर बसवणाऱ्या लोखंडी पकडीत आहे, आधी ती ॲल्युमिनियमची करा. चौथा म्हणतो, बंदूक हलकी केली की बार झाल्यावर खांद्याला धक्का जोरात बसतो, मग बसा रडत. आणि पाचवा या सगळ्यांना मूर्ख म्हणून भांडण सुरू करतो. शहरातल्या दुकानात गेले तर तिथला माणूस माझ्या साडेपाच फुटी मूर्तीकडे बघून म्हणाला, तुमच्यासाठी? मी म्हटलं, नाही, खालच्या काकूंसाठी. अर्थात काकू हा शब्द त्याला कसा सांगणार! मी घरमालकीण म्हटलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरमालकिणीचा काटा काढायलाच आलेय.

पण त्या माणसानं एक गोष्ट नीट समजावली. दुर्बिणीच्या पुढच्या काचेची रुंदी घ्यायची आणि ती किती पट मोठं दाखवते त्यानं भागायचं. जो आकडा येतो तेवढ्या जाडीचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. काकूंच्या जुन्या दुर्बिणीचा झोत सात मिलिमीटरचा. तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली अंधारात तेवढी उघडते. सत्तरीनंतर साधारण पाच, काहींची त्याहून कमी. म्हणजे उरलेला उजेड बाहुलीच्या कडेवर पडून वाया. म्हणजे काकू इतकी वर्षं नको असलेली काच डोंगरावर चढवत होत्या! लहान काचेची, ॲल्युमिनियमच्या नळीची दुर्बीण घेतली तर झोत पाचाच्या आसपास, वजन खूपच कमी, आणि काकूंना दिसेल तेवढंच. मला तर नाचावंसं वाटलं. इतकं सरळ उत्तर मला माझ्या नोकरीत कधी मिळत नाही.

फक्त हे काकूंना सांगायचं कसं?

"म्हणजे माझे डोळे म्हातारे झाले," काकू म्हणाल्या.

"डोळे नाही हो. बाहुली. ती जरा कमी उघडते, एवढंच."

"ती कुणाची मग? शेजारणीची?"

काका हसायला लागले आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. काकू उठल्या, त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, खोकला थांबेपर्यंत तशाच. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, आणा तुमची दुर्बीण, बघू.

दुकानदारानं एक दुर्बीण बघायला दिली. नुसती दुर्बीण, बंदुकीविना, म्हणून मीही ती हातात धरू शकत होते. उन्हं कलल्यावर आम्ही तिघं बागेच्या टोकाला खुर्च्या टाकून बसलो. पलीकडे शेत आणि शेताच्या बांधावर झुडपं. उजेड कमी होत गेला तसतशा काकू एकदा बंदुकीवरून काढलेली जुनी दुर्बीण डोळ्याला लावायच्या, एकदा नवी. झुडपाखाली कुणाचं तरी मांजर दबा धरून बसलं होतं. जुनीतून ते दिसत होतं. मला आता नुसत्या डोळ्यांनी झुडूपही दिसेना.

"आणि नवीतून?" काकांनी विचारलं. खुर्चीच्या दांड्यावर त्यांची बोटं घट्ट आवळलेली होती.

काकूंनी खूप वेळ बघितलं.

"हो," त्या म्हणाल्या. "दिसतंय. कानसुद्धा दिसतायत."

काकांनी सुस्कारा सोडला. मी जवळजवळ ओरडलेच आनंदानं. पण काकूंनी दुर्बीण मांडीवर ठेवली आणि त्यांचा चेहरा पडला. म्हणजे अगदी स्पष्ट पडला, मला त्या तसल्या उजेडातही दिसला. मला कळेचना. नको होती, तर दिसत नाही म्हणायचं! कोण तपासणार होतं? पण ही बाई खोटंही बोलणार नाही आणि खूशही होणार नाही. मी त्या रात्री झोपेपर्यंत त्याचाच विचार करत होते.

जुलैत मी सगळं एका कागदावर मांडून काकांपुढे ठेवलं. हलकी दुर्बीण, हलकी पकड, एक थर्मास, एक कप, एक चटई, पातं आत जाणारा छोटा चाकू, टॉर्च, दोरी. बेरीज खाली ठळक. "एवढंच!" मी म्हटलं. ऑफिसात असा कागद दाखवला असता तर बॉसनं मला केक खाऊ घातला असता.

काकांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला. पुन्हा वाचला.

"आणि हरीण?" त्यांनी विचारलं.

"कुठलं हरीण?"

"ज्याच्यासाठी ती वर जाते ते."

 खरंच सांगते, तीन महिने मी वर जाणाऱ्या वजनाचा विचार करत होते आणि खाली काय येतं याचा विचार एकदाही मनात आला नव्हता. वांगी आणायला निघालेल्या माणसाची पिशवी मी रिकामीच परत आणत होते. आईच्या त्या प्रश्नापासून तोंड लपवता लपवता मी अख्खं हरीणच हिशेबातून गायब केलं होतं. काका इतके हसले की मला भीती वाटली. "शाकाहारी इंजिनिअर!" ते म्हणत राहिले. "शाकाहारी इंजिनिअर!" मग त्यांनीच सांगितलं की हरीण पाठीवर घ्यायची गरज नसते, खांद्यात अडकवायचा एक पट्टा मिळतो, उतारावरून ओढत आणता येतं. पूर्वी ते काम त्यांचं. आता काकूंना करावं लागेल. पट्ट्याला वजन असं काही नसतं. मी तो कागदावर लिहिला, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात.

बंदूक दुरुस्त करणाऱ्यानं नवी दुर्बीण बसवून दिली. नवी बसवली की नेम नव्यानं जुळवावा लागतो, म्हणून एका दुपारी काकू शूटिंग रेंजवर निघाल्या. काकांना तिथली हवा सोसवत नाही, म्हणून सोबतीला मी. कानांवर मोठे डबे लावून मी मागे काचेच्या आड उभी राहिले. पहिला बार झाला आणि मी जागच्या जागी उडाले. बंदूक हलकी झाल्यानं काकूंच्या खांद्याला जोराचा हिसका बसला, तो मला मागूनही दिसला. त्या इंटरनेटवरच्या चौथ्या माणसाचं बरोबर होतं म्हणायचं. मनात आलं, आता नको म्हणतील. पण काकूंनी खांदा चोळला, दुर्बिणीवरचा स्क्रू जरासा फिरवला, परत नेम धरला. शेवटी कागद जवळ आणला तर भोकं एकमेकांना चिकटून, एका रुपयाखाली झाकली जातील अशी.

"वा!" मी म्हटलं. "काकू, वा!" हो, तोंडातून काकूच गेलं.

काकू बाकावर बसल्या. बंदूक उघडून शेजारी ठेवली.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता माझ्याकडे कारणच उरलं नाही."

"कशाचं कारण?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की, या मुलीला खरंच काही कळत नाही की काय. मला खरंच काही कळत नव्हतं.

"तुम्हाला काय वाटलं, मला थंडी वाजते म्हणून मी उशी घालत होते?" त्या म्हणाल्या. "मला सॅक जड हवी होती. सॅक जड असली की मी वर जाऊ शकत नाही. मग मी घरी राहिले तर ते सॅकमुळे. त्याच्यामुळे नाही. संध्याकाळी त्याला सगळ्यात जास्त त्रास होतो, तुम्ही वर असता, तुम्हाला ऐकू येत नाही. अशा वेळी मी मचाणावर बसून कुणाची वाट बघू? हरणाची?"

इतकं लांब बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मला आधी रडू आलं आणि मग राग आला, आणि राग जास्त होता.

"मग त्यांना हे सांगत का नाही तुम्ही? ते मला म्हणतात, हिला सवय लागली पाहिजे. तुम्ही म्हणता, मला जायचंच नाही. आणि मी मधल्यामध्ये चार महिने कप मोजतेय!"

"तो मला सांगतो का, सवय कशासाठी ते?"

 काकांनी मला सांगितलं होतं, बायकोला नाही. काकूंना ते कळलं होतंच, पण त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आणि मी बोलले असते तर काकांचा विश्वासघात झाला असता. या माणसांचं काय करावं? आमच्याकडे एव्हाना चार वेळा भांडण होऊन, रडून, चहा पिऊन सगळं मोकळं झालं असतं. काय करायचं ते सुचेना, तेव्हा जे नेहमी सुचतं तेच सुचलं, अडचण काढून टाकायची.

"तुम्ही जाल त्या संध्याकाळी मी बसेन त्यांच्याजवळ," मी म्हटलं. "फोन हातात ठेवून बसेन. काही वाटलं तर लगेच तुम्हाला कळवेन."

काकू थोड्या हसल्या. "म्हणजे तेही कारण काढून टाकलंत," त्या म्हणाल्या.

सप्टेंबरात, एका कोरड्या दिवशी, काकू निघाल्या. काका म्हणाले, मी घरी थांबणार नाही, डोंगराच्या पायथ्यापर्यंत येणार. काकू नको म्हणाल्या, मी नको म्हणाले, कोण ऐकतंय! शेवटी मी गाडी चालवली, काका माझ्या शेजारी, काकू मागे.  

खाली, माळाच्या कडेला, गाडी लावली. ऊन अजून चांगलं होतं. काकूंनी बंदूक खांद्याला लावली आणि सॅक एका हातानं उचलून पाठीवर टाकली. एका हातानं! मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी काकांकडे बघून हसले. काकूंनी खिडकीशी वाकून त्यांच्या कोटाची कॉलर नीट केली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि निघाल्या.

त्या माळावर झाडं नाहीत, मेंढ्या चरतात, नुसती अधूनमधून काटेरी झुडपं. पायवाट झाडीपर्यंत सगळी दिसते. काका पुढच्या काचेतून बघत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"तो दगड दिसतो का, वळणावरचा पांढरा?" ते म्हणाले. "तिथं आम्ही दरवेळी बसायचो. मला दम लागायचा. मी आजारी नव्हतो तेव्हासुद्धा लागायचा, सॅक होती ना. ती म्हणायची, चल लवकर, उजेड जाईल. पण थांबायची."

काकू दगडापाशी पोचल्या. मला वाटलं, आता वळून हात करतील. त्यांनी दगडाकडे बघितलंही असेल, इतक्या लांबून कळत नव्हतं. पण पाय थांबले नाहीत. एकाच लयीत त्या दगडाच्या पुढे गेल्या, आणि चढत चढत झाडीपाशी पोचल्या, आणि दिसेनाशा झाल्या.

"थांबली नाही," काका म्हणाले.

"हो ना!" मी म्हटलं. "बघितलंत? एकदाही नाही! तेच तर हवं होतं तुम्हाला."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "तेच हवं होतं."

ते झाडीकडेच बघत होते. मेंढ्या गाडीच्या अगदी जवळून गेल्या तरी त्यांनी मान वळवली नाही. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

"इतकं हलकं कशाला केलंत हो तुम्ही?" ते म्हणाले.

मी चमकून त्यांच्याकडे वळले. जिभेवर आलंच होतं की अहो, वसंतापासून माझ्या मागे लागला होतात तुम्ही! पण त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते लपवतही नव्हते, आणि मला तो राग कुठं ठेवावा ते कळेना.

"पुढच्या खेपेला घालू थोडं वजन," मी म्हटलं.

 त्यांचा श्वास वरवरचा चालला होता. मी त्यांच्या बाजूची काच खाली केली, आणि वरून बार ऐकू येतो का याची वाट बघत आम्ही दोघं बसून राहिलो.